सदाफुलीची मागची उंची

"सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही!"

असं म्हणत नंदकिशोर सबनीस सोसायटीच्या ऑफिसात शिरले, तेव्हा तिथे त्यांच्या गाडीचं सुतक चालू होतं. विषयपत्रिकेवर अर्थात तसं लिहिलेलं नव्हतं. तिथे 'पार्किंग क्रमांक चार मोकळे करून घेणे' एवढंच होतं. पण समोसे आले होते, ते कुणी पहिल्यांदा उचलत नव्हतं, आणि मंडळी गाडीबद्दल चांगलं बोलायला लागली होती. आपल्याकडे एखाद्याबद्दल सगळे एकदम चांगलं बोलायला लागले की समजावं, आटोपलं.

"गाडी गेटबाहेर उभी आहे," सबनीस धापा टाकत म्हणाले. "गतिरोधकावरून गेली. घासली नाही, टेकली नाही. वरून गेली, वरून!"

कुणाचाच विश्वास बसला नाही. सबनीसांचं पहिलं वाक्य निदान खरं ठरलं.

आणि लोकांचं तरी काय चुकलं? थोड्याच वेळापूर्वी ह्याच मंडळींनी तीच गाडी त्याच गतिरोधकावर पाहिली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे ऐकली होती. ती भानगड समजून घ्यायची तर आधी गाडी समजून घ्यायला हवी.

दोन सीटची, बिनछपराची, साठ वर्षांपूर्वीची परदेशी स्पोर्ट्स कार. अंधेरीत सात बंगल्याच्या बाजूला अशी गाडी दुसरी नाही. ती सबनीसांकडे कशी आली ही एक स्वतंत्र गोष्ट आहे आणि ती ते कुणीही न विचारता सांगतात, म्हणून इथे सोडून देतो. मूळ रंग लालभडक. वेसावचा खारा वारा आणि पार्किंगमधलं तिरपं ऊन यांनी मिळून तो असा काही गुलाबी-जांभळा करून ठेवला, की त्यांच्या बायकोने, मृणालिनीबाईंनी, गाडीला सदाफुली म्हणायला सुरुवात केली. सबनीसांना हे नाव अजिबात पसंत नव्हतं. शर्यतीच्या गाडीला कुंडीतल्या झाडाचं नाव! पण सोसायटीत नाव पडलं की ते आधारकार्डावरच्या नावापेक्षा पक्कं असतं.

दुसरी समजून घ्यायची वस्तू म्हणजे गतिरोधक. जेवणाचे डबे पोचवणारी पोरं गेटातून भन्नाट मोटरसायकली आत आणतात, म्हणून सोसायटीने गेटात एक स्पीडब्रेकर घालायचं ठरवलं. काम दिलं पहिल्या मजल्यावरच्या धोंडिराम खानविलकरांकडे. खानविलकर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. हयातभर सिमेंटात तडजोड करावी लागली होती, तिचा सगळा बॅकलॉग त्यांनी त्या एका गतिरोधकात भरून काढला. झाला तेव्हा नारळ फोडला. तो इतका उंच झाला, की माथ्यावर उभं राहिलं की आभाळ स्वच्छ असताना खाडीपलीकडचा मढचा किनारा दिसतो असं आमचा वॉचमन सांगतो, आणि तो त्या दिवशी तरी प्यायलेला नव्हता.

दसऱ्याला सबनीसांनी सदाफुलीला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं आणि मिरवायला बाहेर काढली. पुढची चाकं गतिरोधकावरून उतरली. मागची चढायच्या आत गाडीचं पोट माथ्यावर टेकलं. गाडी तिथेच तराजूसारखी डुलत राहिली. मागे गॅस सिलिंडरचा टेंपो, पुढे कुणाची तरी बिर्याणी घेऊन आलेला पोरगा, आणि मध्ये हार घातलेले सबनीस, कारण हाराचं एक टोक त्यांच्याच गळ्यात अडकलं होतं. शेवटी टेंपोवाल्यांनी गाडी सिलिंडरसारखीच उचलून बाजूला ठेवली.

सोसायटीच्या सेक्रेटरी रत्नप्रभा देवस्थळी. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण ते फक्त शाळेने मान्य केलं. त्यांनी पुढच्याच सभेत ठराव मांडला: 'जे वाहन स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनाने आणि माणसाच्या हाती गेटबाहेर जाऊ शकत नाही, ते वाहन नसून वस्तू आहे. पार्किंगमध्ये वस्तू ठेवण्यास मनाई आहे.' पुढच्या तिमाही सभेपर्यंत मुदत. नाहीतर भंगारवाला. पार्किंगसाठी तिसऱ्या मजल्यावरचा प्रांजल तयारच होता. त्याने विजेवरची नवी गाडी घेतली होती. गुणी मुलगा. रोज सकाळी सबनीसांना नमस्कार करायचा आणि तेवढ्यात नजरेने जागेची लांबी-रुंदी मोजून घ्यायचा.

"गतिरोधक जरासा तासला तर?" सबनीसांनी खानविलकरांना विचारून पाहिलं.

"तासला?" खानविलकरांनी छातीला हात लावला. "सबनीस, उद्या तुम्ही म्हणाल नाक जरा तासा!"

म्हणजे गाडीच उचलणं आलं. नेमकी तिची मागची बाजूच वर्षानुवर्षं बसत चालली होती. सदाफुलीच्या मागच्या चाकांना पट्ट्यांची कमान नाही, गुंडाळीची स्प्रिंग नाही. तिथे आहे एकेका चाकाला एकेक आडवी पोलादी दांडी. चाक खड्ड्यात गेलं की ही दांडी टॉवेल पिळावा तशी पीळ खाते आणि मग उलगडते. दोन्ही टोकांना दाते. ती काढून एक दाता पुढे-मागे बसवली की गाडीची मागची उंची बदलते. ऐकायला सोपं आहे. ऐकायला काय, सगळंच सोपं असतं.

सबनीसांच्या अंगात तर वारं शिरलं. रात्री जेवताना त्यांनी पोळीच्या गुंडाळीचा पीळ करून मृणालिनीबाईंना सगळी यंत्रणा समजावून दिली.

"कळलं," त्या म्हणाल्या. "आता ती दांडी खाऊन टाका, भाजी निवते आहे."

सकाळी परवानगी मागायला गेले. कारण आवारात वाहनदुरुस्तीला मनाई, असा एक नियम होताच.

"ही दुरुस्ती नाही, देवस्थळीबाई," सबनीस म्हणाले. "बिघडलेलं काही नाहीच. मी फक्त उंची वाढवतोय."

"उंची वाढवायची?" रत्नप्रभाबाईंनी चष्मा खाली घेतला. "मग बांधकामाचा एफएसआय बघावा लागेल."

हा विनोद आहे की हरकत, हे सबनीसांना अजूनही कळलेलं नाही. परवानगी मिळाली, पण अटींवर. हातोडीचा आवाज दुपारच्या झोपेत येता कामा नये. तेलाचा थेंब पडला तर खाली वर्तमानपत्र हवं, आणि ते वाचून झालेलं हवं.

आता माणूस हवा. चार गॅरेजवाले येऊन बघून गेले. एकाने दांडीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाला, साहेब, ही चीज म्युझियममध्ये शोभेल. दुसऱ्याने तीच गोष्ट कमी आदराने सांगितली. तेव्हा सुटका केली ती सरूबाईने. सरूबाई मढची कोळीण. फेरीबोटीने वेसावला उतरते आणि सोसायटीत दारोदार मासळी देते. मृणालिनीबाई कोलंबी निवडत होत्या आणि सबनीस आपलं दुःख पापलेटांना ऐकवत होते.

"अवो काका, येवढंच ना?" सरूबाई म्हणाली. "माजा पोरगा हाय की, धर्मा! बोटीची इंजिनं खोलतो. नि परत जोडतो बी!"

शेवटचं वाक्य तिने ज्या अभिमानाने म्हटलं, त्यावरून सबनीसांनी सावध व्हायला हवं होतं. पण माणूस उत्साहात असला की त्याला सगळीच चिन्हं शुभ दिसतात.

धर्मा आला. गडी चाळिशीचा, आवाज भरतीचा. मढच्या बंगल्यांत शूटिंगं होतात, तिथे गाड्या उडवायच्या असल्या की आपल्यालाच बोलावतात, असं त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. सदाफुलीला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या बाजूला वाकून बघितलं आणि हसला.

"काका, ही तर होरी हाय! चाकावरची होरी! मागून पाण्यात बसली, येवढंच. बोट मासळीनं भरली की मागून बसतेच. म्हून आपण रिकामी बोट आधीच वर काढून ठेवायची."

"अगदी!" सबनीस ओरडले. जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात ते आहेत. ग्रुपात दोनेकशे माणसं आहेत. त्यातल्या दहाबारा जणांकडे गाडी आहे, बाकीचे सल्लागार. तिथल्या एका कोइमतूरच्या जाणकाराने त्यांना हेच बजावलं होतं: मागची उंची रिकाम्या गाडीत मोजायची नाही. चालवणारा आणि शेजारचा, दोघं बसलेली असतानाच मोजायची. माणसं बसल्यावर गाडी किती बसते, तेच तर बघायचं असतं.

इथे पहिली अडचण आली. चालवणार सबनीस. पण मोजणार कोण? टेप दुसऱ्याच्या हातात दिली की माप दुसऱ्याचं होतं, असं त्यांचं मत. तेव्हा सबनीस सतरंजी घालून गाडीखाली आडवे झाले आणि त्यांच्या जागी बसायला खानविलकर स्वतःहून पुढे आले. पण खानविलकर बसण्यातले नाहीत, सांगण्यातले आहेत. सल्ला द्यायला ते डावीकडे वाकले की गाडी डावीकडे बसे. स्वतःचाच सल्ला खोडायला उजवीकडे वळले की उजवीकडे. गाडीखाली सबनीसांना समुद्र लागल्यासारखं झालं.

"शेजारी तू येऊन बस ना जरा," त्यांनी खालूनच मृणालिनीबाईंना हाक मारली.

"मी? न चालणाऱ्या गाडीत? सगळ्या सोसायटीसमोर?" त्या गॅलरीतून म्हणाल्या. "कुठे निघालात विचारलं तर काय सांगू, कुठेच नाही?"

मग सबनीसांना ती कल्पना सुचली. आजही ते तिचा उल्लेख 'ती कल्पना' असाच करतात, पण आता आवाज खाली घेऊन. घरात वर्षाचं धान्य नुकतंच येऊन पडलं होतं. वाडा कोलमच्या गोण्या, एकीवर एक, ताज्या. माणसांच्या जागी तांदूळ! तो हलत नाही, बोलत नाही, सल्ला देत नाही. फक्त दोघांच्या वजनाइतका मोजून भरायचा.

ते वर गेले आणि लग्नाला एवढी वर्षं झालेल्या माणसाने करू नये तो प्रश्न त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून केला.

"मृणाल, तुझं वजन किती?"

मिक्सर थांबला.

"कामासाठी हवंय," सबनीस घाईने म्हणाले. "तुझ्याऐवजी तांदूळ बसवायचाय."

"आधी तुमचं सांगा."

"बाहत्तर."

"बाहत्तर?"

"किलो."

"ते कळलं," मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मधे नजर जरा जास्त रेंगाळली. "माझं एकसष्ट. लपवण्यासारखं काही नाही. तुमच्या बाहत्तरावर मी काही बोलत नाही."

एक सांगायला हवं, बाहत्तर हा आकडा खोटा नव्हता. तो जुना होता. विम्याच्या वैद्यकीय तपासणीत तो लिहिला गेला होता, त्यावर डॉक्टरची सही होती. एकदा सही झालेली गोष्ट सबनीस सहसा बदलत नाहीत.

तर बाहत्तर किलो तांदूळ चालकाच्या जागी बसला आणि एकसष्ट किलो शेजारी. घरंगळू नये म्हणून पट्टे बांधले. दव पडून भिजू नये म्हणून गोण्यांना सबनीसांचा जुना रेनकोट घातला, वर टोपी ठेवली. दुसऱ्या दिवशी वॉचमनने तांदळाला सलाम ठोकला. रत्नप्रभाबाई खाली उतरल्या आणि गॅलरीतून ठिबकणाऱ्या कपड्यांवरून त्या तांदळालाच चांगलं सुनावून गेल्या. सबनीसांनी पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकून घेतलं, असं त्यांनी वर सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

आणि कामाला जोर आला! जॅक लागले, चाकं निघाली, दांडी बाहेर आली. धर्माने तिला खोबरेल चोळलं, दाते पुसले, मोजले, परत मोजले आणि दोन्ही वेळा वेगळे आले तेव्हा मधला आकडा धरला. सबनीस खालून ओरडत, "आणखी एक! आणखी एक दाता!" खानविलकर वरून ओरडत, "आता बास!" आणि वॉचमन दोघांच्या मधे वाचून झालेलं वर्तमानपत्र धरून उभा.

पहिल्या खेपेला बोटीचा हिशेब नडला. धर्माने गाडी 'आधीच वर काढून' ठेवली होती. जॅक सुटले आणि सदाफुलीची शेपटी अशी आभाळात गेली की ती पलंगाखाली चप्पल शोधणाऱ्या माणसासारखी दिसू लागली. दिवे लावले तर उजेड स्वतःच्याच चाकांवर.

"शूटिंगला ह्याला झकास मानतात," धर्मा म्हणाला.

"धर्मा, मला तिला उडवायची नाहीये रे! दूध आणायला जायचंय!"

दुसऱ्या खेपेला वेगळंच झालं. दांड्या दोन्ही बाजूंना मिळून दोन असतात आणि त्या समोरासमोर असतात. म्हणजे डावीकडे जी दिशा वर, ती उजवीकडे खाली. हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, कारण तिघंही एकाच बाजूला उभे राहून वाद घालत होते. सदाफुली एका अंगावर कलली. शेजारच्यांचं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं तशी.

तिसरी खेप मात्र जमली. खानविलकरांनी गतिरोधकाच्या उंचीइतक्या विटा रचून आणल्या. त्या सायलेन्सरखालून सरकवल्या आणि त्या ह्या बाजूने गेल्या, त्या बाजूने निघाल्या. न अडता! सबनीस सतरंजीवरून उठले ते थेट खानविलकरांच्या गळ्यात पडले. धर्माने बोटीवर घालतात तशी आरोळी घातली. सरूबाईने त्या दिवशी मृणालिनीबाईंना एक बोंबील जास्तीचा दिला.

दुसऱ्या दिवशी मोजलं तर गाडी बोटभर वर.

"दाता सरकला," सबनीस म्हणाले. धर्माने एक दाता उतरवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा वर. पुन्हा उतरवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा! सबनीसांना झोप लागेना. दांडी जिवंत आहे की काय? ग्रुपवर विचारलं तर कोइमतूरचा जाणकार म्हणाला, हवामान. नाशिकचा एक म्हणाला, वास्तू. धर्मा म्हणाला, भरती-ओहोटी. पौर्णिमा जवळ आली हाय. ह्यावर खानविलकरांनी पंचांग आणलं, आणि खोटं कशाला सांगू, भरतीच्या वेळा जुळतही होत्या.

उलगडा झाला तो रत्नप्रभाबाईंच्या किंकाळीने. त्या खाली आल्या, 'सबनीसां'शी पुन्हा कपड्यांचा विषय काढला, आणि त्या बोलत असतानाच सबनीसांच्या रेनकोटाच्या गळ्यातून एक कबूतर बाहेर आलं. मग दुसरं. मग बाहीतून तिसरं. चालकाच्या गोणीला मागून भोक होतं आणि अंधेरीतली समस्त कबुतरं बरेच दिवस तिथे जेवायला होती. काही तर पवईहून आली असावीत, चेहरे ओळखीचे नव्हते. रोज तांदूळ कमी, रोज गाडी वर, आणि रोज हे तिघं ती परत खाली आणत होते. उरलेल्या तांदळाच्या मापाने!

सोसायटीत कबुतरांना दाणे घालायला मनाई आहे. नोटीस लागलीच. पण नोटिशीपेक्षा मृणालिनीबाई आधी पोचल्या.

"माझा वर्षाचा तांदूळ!"

"तुझा नाही गं, माझा खाल्ला," सबनीस म्हणाले. "तुझी गोणी शाबूत आहे."

ह्या उत्तरानंतर त्या घरात दोन दिवस फक्त पोळ्या झाल्या. आणि घरातल्या ह्या शांततेत दांडी पुन्हा उघडायचं राहून गेलं. मुदत संपत आली होती. तिमाही सभा रविवारी होती.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी गेटापाशी. गॅलऱ्या भरलेल्या. प्रांजल नमस्कार करून कडेला उभा राहिला. खानविलकर आपल्या गतिरोधकाच्या बाजूला, जावयाच्या बाजूला उभं राहावं तसे. खास ह्या दिवसासाठी सबनीसांनी गॉगल घातला होता. बाहेरूनच हात घालून त्यांनी इंजिन सुरू केलं, आणि काय तो आवाज! म्हातारी सदाफुली तापून अशी गुरगुरायला लागली की दुसऱ्या मजल्यावरची मांजर कपाटावर चढली. मग दार उघडून दोन्ही गोण्या काढल्या, आणि सबनीस आत बसले.

गाडी खाली गेली.

नुसती टेकली नाही, गेली. धर्माने तोंड दुसरीकडे वळवलं. सबनीसांनी ते पाहिलं नाही असं ठरवलं, पहिला गिअर टाकला आणि निघाले. पुढची चाकं चढली, उतरली. मग तो आवाज झाला. पत्र्याच्या पिंपात विळी ओढली तर कसा होईल, तसा. गाडी माथ्यावर थांबली आणि पुन्हा एकदा तराजूसारखी डुलायला लागली.

मनातल्या मनात हिशेब सुरू झाला. दोन गोण्या बसल्या तेव्हा विटा अलगद सरकल्या होत्या. आता एकटे सबनीस बसलेत आणि ती टेकली. म्हणजे... गॅलरीगॅलरीतून डोळे सबनीसांच्या पट्ट्याकडे वळले. गणित शाळेत कुणालाच आवडत नव्हतं, पण हे सगळ्यांना सुटलं.

"तांदळातच कसर आली असेल," खानविलकर मायेने म्हणाले. "नवा तांदूळ वाळला की हलका होतो ना."

ती माया सबनीसांना सगळ्यात जास्त लागली.

मंडळी हळूहळू ऑफिसकडे निघाली. सभेची वेळ झाली होती, समोसे आले होते. प्रांजल जाता जाता म्हणाला, "काका, सॉरी हां," आणि खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला. गेटापाशी उरले तिघंच: माथ्यावर अडकलेल्या गाडीत सबनीस, खाली धर्मा, आणि गॅलरीतून उतरून आलेल्या मृणालिनीबाई.

त्यानंतर तिथे जे काय झालं ते त्या तिघांनी पाहिलं. आणि सबनीस ऑफिसात शिरले ते आपण सुरुवातीलाच बघितलं.

"गेटबाहेर आहे, हे दिसतंय," रत्नप्रभाबाई खिडकीतून डोकावून म्हणाल्या. "उचलून ठेवली असेल. दसऱ्याला ठेवली तशी."

"उचलून? ती गाडी?" सबनीसांचा गॉगल कपाळावर चढला. "बाई, मी चालवली! मी! ऐका. गाडी मागे घेतली. पार पाण्याच्या टाकीपर्यंत. डोळे मिटले—"

"डोळे मिटून चालवली?"

"एक क्षण. मग उघडले. आणि श्वास रोखून धरला. श्वास रोखला की शरीर हलकं होतं, ह्याला शास्त्र आहे. पहिला गिअर, दुसरा, आणि गतिरोधक आला तसा मी असा उठलो सीटवरून! जॉकी उठतो ना घोड्यावर, तसा. पुढची चाकं हवेत. मागची हवेत. चारही! खाली खानविलकरांचा गतिरोधक आणि वर मी, मधे नुसती हवा. डोक्याला नारळाची झावळी लागून गेली!"

"झावळी दुसऱ्या मजल्याला लागते," खानविलकर म्हणाले.

"तेच तर म्हणतोय! विश्वास बसणार नाही!"

बसत नव्हताच. सबनीसांनी मग वॉचमनच्या सलामाचा प्रसंग घातला, तर कुणीतरी म्हणालं, वॉचमन चहाला गेलाय. त्यांनी रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्याचं सांगितलं. जितकं सांगत होते तितकी खोली गार पडत होती. इतके दिवस सतरंजीवर पाठ घासून, तेल माखून, तांदूळ घालवून जी गाडी वाचवायला निघाले होते, ती आता त्यांच्याच तोंडून वाक्यावाक्याने भंगारात चालली होती. हे त्यांना कळत होतं. पण दुसरी काही हकीकत सांगायची म्हणजे जीभ टाळ्याला चिकटत होती.

"सबनीस," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. आवाज पूर्वी नापास मुलाच्या वडिलांशी बोलताना असेल तसा मऊ होता. "ठराव स्पष्ट आहे. माणसाच्या हाती गेली, हे दिसायला हवं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. प्रांजलने अतिशय हळू आवाजात विचारलं, चार्जिंगचा प्लग कुठल्या भिंतीला घेऊ?

"थांबा, बाई."

दारात मृणालिनीबाई उभ्या होत्या. केस वाऱ्याने पार विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असं काही तेज की खानविलकर उगाचच उठून उभे राहिले.

"हे खोटं बोलतायत," त्या म्हणाल्या.

"मृणाल!"

"झावळी खोटी, श्वास खोटा, तो घोडा तर साफ खोटा. हे गाडीत नव्हतेच. गाडी मी नेली. लायसन्स आहे माझ्याकडे, ह्यांच्या आधीपासूनचं. गेटातून बाहेर, पार चौपाटीपर्यंत जाऊन आले. काय पळते हो ती!"

"आणि सबनीस?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"हे मागून 'क्लच, क्लच' ओरडत पळत होते. कोपऱ्यापर्यंत दिसले, मग दिसेनासे झाले."

ह्यावर मात्र सगळ्यांचा एकदम विश्वास बसला. प्रांजलने समोसा उचलला. सबनीस भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याकडे एकटक बघत राहिले, आणि मृणालिनीबाई रत्नप्रभाबाईंच्या पेनाकडे बोट करून म्हणाल्या:

"घ्या लिहून. स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनाने, माणसाच्या हाती गाडी बाहेर जाते. फक्त गेटापाशी नवरा खाली उतरवावा लागतो."